नगरपालिकेचा ठराव जगाच्या हवामानापर्यंत कसा पोचतो

जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात हामेलबुर्ग नावाचं लहानसं गाव आहे. वस्ती दहा-बारा हजारांची. १९९३ साली तिथल्या नगरपरिषदेत हान्स-योसेफ फेल या नगरसेवकाने एक प्रस्ताव लावून धरला. पेशाने ते शिक्षक. प्रस्ताव असा, की गावात जो कोणी छपरावर सौर पॅनेल बसवून वीज तयार करील, त्याची वीज गावच्या वीजसंस्थेने त्याचा खर्च भरून निघेल अशा दराने विकत घ्यायची. त्या काळी सौर वीज भलतीच महाग पडायची. अशी वीज विकत घेतलीच पाहिजे असा देशाचा कायदा १९९१ पासून लागू होता, पण त्यात मिळणारा दर पवनचक्कीवाल्याला परवडायचा, सौर पॅनेलवाल्याला नाही. त्यामुळे पॅनेल लावणारा तो हौसेलाच लावायचा, आणि हौसेला मोल नसतं म्हटलं तरी हौस करणारे मोजकेच असतात.

हामेलबुर्गने ठराव मंजूर केला. आखेन शहरात याच कल्पनेवर नगरपरिषद आणि वीजसंस्था यांची काही वर्षं रस्सीखेच चालली आणि १९९५ मध्ये तिथेही असा दर लागू झाला. जादा खर्च कोण भरणार, या प्रश्नाचं आखेनने दिलेलं उत्तर सोपं होतं: सगळ्या ग्राहकांच्या बिलात तो थोडा थोडा वाटून टाकायचा. मग आणखी शहरं आली. १९९८ मध्ये फेल देशाच्या संसदेत निवडून गेले आणि २००० साली जर्मनीने नवा अक्षय ऊर्जा कायदा केला. हेर्मान शेअर यांच्याबरोबर तो घडवणाऱ्या प्रमुख खासदारांमध्ये फेल होते. खर्च भरून निघेल असा दर, वीस वर्षांची हमी, भार सगळ्या ग्राहकांवर. गावपातळीवर घासूनपुसून पाहिलेली कल्पना आता अख्ख्या देशाला लागू झाली.

पुढचं बहुतेकांना ठाऊक असतं, सुरुवात मात्र ठाऊक नसते. वीस वर्षांची हमी मिळाल्यावर बँका कर्ज देऊ लागल्या. पॅनेलला मागणी वाढली. ती भागवायला जर्मनीत आणि त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये कारखाने उभे राहिले, आणि कारखाना मोठा झाला की नगामागचा खर्च उतरतो. २०१० ते २०१९ या काळात सौर विजेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी खाली आला, असं हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा, म्हणजे आयपीसीसीचा, अहवाल सांगतो.

आता, एका गावाने जग बदललं असं म्हणणं ही निव्वळ अतिशयोक्ती झाली. चीनचे कारखाने, जर्मन ग्राहकांची बिलं, अनेक देशांतलं संशोधन, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण संसदेत ‘हे चालेल का?’ असा प्रश्न आला तेव्हा उत्तर म्हणून दाखवायला प्रत्यक्ष शहरं होती, तिथली वीजबिलं होती, न बुडालेल्या वीजसंस्था होत्या. माझ्या मते हवामानाच्या कामात स्थानिक सरकारांचं सगळ्यात मोठं योगदान हेच आहे. आपल्या हद्दीत त्यांनी किती टन कार्बन वाचवला हा हिशेब त्यानंतरचा.

सत्तर टक्क्यांचा गैरसमज

शहरांबद्दलच्या जवळपास प्रत्येक भाषणात एक आकडा हमखास येतो. आयपीसीसीच्या अंदाजानुसार २०२० साली जगातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात शहरांचा वाटा ६७ ते ७२ टक्के होता. आकडा खरा आहे, पण तो कसा मोजलाय हे पाहायला हवं. शहरातला माणूस जी वीज वापरतो ती दूरच्या कोळशाच्या केंद्रातून येते, जी वस्तू घेतो ती दुसऱ्याच देशात बनते. वापर शहरात होतो म्हणून ते उत्सर्जन शहराच्या नावावर टाकलेलं आहे. तेव्हा ‘शहरं सत्तर टक्के प्रदूषण करतात, म्हणजे महापौरांनी मनावर घेतलं की सत्तर टक्के प्रश्न सुटला’ हा हिशेब फसवा आहे. वीजकेंद्र कोळशाचं की वाऱ्याचं, इंधनावर कर किती, फ्रिज आणि गाड्यांची मानकं कोणती, हे बहुतेक देशांत वरचं सरकार ठरवतं.

मग खाली काय उरतं? बांधकामाचा परवाना. रस्त्याची रुंदी आणि त्यातली किती जागा पायी चालणाऱ्याला, किती गाडीला. बससेवा. कचरा आणि सांडपाणी. पथदिवे. कुठे इमारत होऊ द्यायची आणि कुठे पाण्याला वाट ठेवायची. ऐकायला ही किरकोळ कामं वाटतात. पण आज परवाना मिळालेली इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते आणि तेवढी वर्षं ती कशावर तापवली वा थंड केली जाईल हे त्या कागदावरच बरंचसं ठरून जातं. कचऱ्याचं तसंच. माणसाच्या कामांमुळे हवेत जाणाऱ्या मिथेन या हरितगृह वायूपैकी साधारण पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्यातून येतो. ओला कचरा वेगळा काढायचा की सगळा एकत्र नेऊन डेपोत कुजवायचा, हे कुठल्याही जागतिक परिषदेत ठरत नाही, ते घंटागाडी ठरवते.

राष्ट्रीय सरकार लक्ष्य जाहीर करतं. ते लक्ष्य ज्या परवान्यांतून, निविदांतून आणि घंटागाड्यांतून पुरं व्हायचं असतं ती खालच्या कार्यालयांच्या हाती असतात. वरच्याला अधिकार आहे पण हात नाहीत, खालच्याला हात आहेत पण अधिकार तोकडे. हवामान धोरणातली निम्मी भांडणं या फटीतून जन्मतात.

नक्कल करायला सोपा मसुदा

स्पेनमधल्या बार्सिलोनाने १९९९ मध्ये एक उपविधी, म्हणजे शहरापुरता नियम, मंजूर केला आणि तो पुढच्या वर्षी लागू झाला. नव्या किंवा मोठी दुरुस्ती होणाऱ्या इमारतींना लागणाऱ्या गरम पाण्यापैकी ६० टक्के पाणी सूर्याच्या उष्णतेवर तापलं पाहिजे. सुरुवातीला रडगाणी झालीच. यंत्रणा बसवल्या पण देखभाल कुणी करायची यावर घोळ झाले. ते पाहून २००६ मध्ये नियम सुधारला गेला. दरम्यान स्पेनमधल्या डझनावारी नगरपालिकांनी तोच मसुदा उचलून आपापल्या गावी लावला होता, आणि २००६ मध्येच स्पेनच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत नव्या इमारतींसाठी सौर गरम पाण्याची अट आली.

इथे एक गंमत आहे. प्रत्येक गावाचा नियम थोडा थोडा वेगळा असेल तर बांधकाम व्यावसायिकाला तो तापच असतो: या गावात एक नकाशा, पलीकडच्या गावात दुसरा. मग नियमाला विरोध करणारा हाच वर्ग एक दिवस म्हणू लागतो की काय करायचं ते करा, पण देशभर एकच नियम करा. स्थानिक नियमांचं जाळं पुरेसं दाट झालं की राष्ट्रीय कायदा त्यांनाही सोयीचा वाटू लागतो.

टोकियो महानगर सरकारने २०१० मध्ये मोठ्या इमारती आणि कारखान्यांवर उत्सर्जनाची कमाल मर्यादा घातली. मर्यादेपेक्षा कमी सोडणाऱ्याने आपली शिल्लक विकावी, जास्त सोडणाऱ्याने ती विकत घ्यावी. मोठ्या इमारतींवर अशी सक्ती करणारी शहर पातळीवरची ही जगातली पहिली योजना. घाईघाईने मात्र ती आली नव्हती. २००२ पासून टोकियो याच इमारतींकडून उत्सर्जनाची माहिती मागवत होतं, म्हणजे मर्यादा घालायच्या आधी आठ वर्षं मोजणी चालली होती. पहिल्या पाच वर्षांत २५ टक्के घट नोंदली गेली. त्यात २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर लोकांनी केलेल्या वीजबचतीचाही हात आहे, तेव्हा सगळं श्रेय योजनेला देता येत नाही. शेजारच्या सायतामा प्रांताने २०११ मध्ये टोकियोचा कित्ता गिरवला. देशाचं सरकार मात्र त्यानंतर दशकभर चाचपडत राहिलं.

चीनने उलट्या बाजूने सुरुवात केली. तिथे केंद्राने आधी सात शहरं आणि प्रांत निवडले आणि त्यांना सांगितलं, कार्बन बाजार, म्हणजे टोकियोसारखीच उत्सर्जनाच्या शिलकीची खरेदीविक्री, आपापल्या पद्धतीने चालवून दाखवा. शेन्झेनने जून २०१३ मध्ये पहिला बाजार उघडला. कुणी कारखान्यांवर भर दिला, कुणी इमारतीही घेतल्या, दंडाचे नियम वेगवेगळे ठेवले. राष्ट्रीय बाजारात खरेदीविक्री सुरू झाली ती जुलै २०२१ मध्ये. चूक झाली तर ती एका शहरापुरती राहावी, हे शहाणपण त्यामागे होतं. राजकारणाची रीत इतकी वेगळी असूनही मार्ग मात्र टोकियोसारखाच: आधी लहान जागी.

उत्सर्जन कमी करणं ही अर्धी बाजू. जे तापमान आधीच वाढलंय त्यात माणसं जगवायची कशी, ही दुसरी, आणि इथे स्थानिक सरकारांना वरच्या परवानगीची वाट फारशी पाहावी लागत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. उन्हाने माणूस मेला असं दाखल्यावर क्वचितच लिहिलं जातं, तिथे हृदयविकार नाहीतर ताप लिहिलेला असतो, त्यामुळे हा आकडा मोजायला बसेपर्यंत कुणाला दिसलाच नव्हता. २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला असा पहिला. त्यात महागडं काही नाही. हवामानाच्या अंदाजानुसार इशाऱ्याचे रंग ठरवायचे, इशारा आला की कुणी कुणाला फोन करायचा हे आधीच लिहून ठेवायचं, दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना उष्माघात ओळखायला शिकवायचं, पाण्याची आणि सावलीची सोय वाढवायची. २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने उष्णतेच्या लाटेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असे आराखडे शहरा-राज्यांत पसरले. सगळेच चांगले आहेत असं नाही. काही ठिकाणी नुसती नक्कल करून गावाचं नाव बदललेलं दिसतं.

आणि स्थानिक सरकार म्हणजे फक्त मोठी शहरं नव्हेत. केनियातल्या इसिओलो या कोरड्या, पशुपालकांच्या जिल्ह्यात प्रभागपातळीवर समित्या नेमून हवामान निधीतून काय करायचं हे लोकांनाच ठरवू देण्याचा प्रयोग झाला. लोकांनी पाण्याचे साठे आणि चराईची व्यवस्था मागितली. माकुएनी जिल्ह्याने २०१५ मध्ये अशा निधीला कायद्याचं रूप दिलं, आणि पुढे केनियाने जागतिक बँकेच्या मदतीने ही पद्धत देशभर नेणारा कार्यक्रम हाती घेतला. राजधानीतल्या कुणाला सुचलं असतं तर बहुधा तिथे धरण बांधायचा प्रस्ताव आला असता.

वहीतला हिशेब

एक काम कंटाळवाणं आहे, म्हणून त्याबद्दल कुणी लिहीत नाही. मोजणी. देश आपलं उत्सर्जन मुख्यतः वरून मोजतो: किती कोळसा जाळला, किती पेट्रोल विकलं. त्यातून एकूण आकडा मिळतो, पण कुठल्या भागातल्या जुन्या इमारती वीज गिळतायत हे कळत नाही. शहरं खालून मोजतात. पूर्वी मात्र प्रत्येक शहर आपापल्या सोयीने मोजायचं. विमानतळ हद्दीबाहेर दाखवला की आकडा छान दिसायचा. २०१४ मध्ये शहरांच्या दोन जागतिक संघटनांनी, इक्ली आणि सी-फॉर्टी यांनी, जागतिक संसाधन संस्थेबरोबर एक सामायिक पद्धत तयार केली. हद्दीत जे जळतं ते एका रकान्यात, बाहेरून येणाऱ्या विजेचं दुसऱ्या, आणि हद्दीबाहेर टाकलेला कचरा, बाहेरगावचा प्रवास वगैरे तिसऱ्या. आता दोन खंडांतली शहरं एकमेकांशी ताडून पाहता येतात. कर्ज देणारी बँकही पहिल्यांदा हीच वही उघडते.

पैशाचा विषय निघाला म्हणून: जागतिक बँकेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांतल्या पाचशे मोठ्या शहरांपैकी देशातल्या बाजारात कर्जपात्र समजली जाणारी शहरं २० टक्क्यांहून कमी, आणि आंतरराष्ट्रीय बाजारात जेमतेम ४ टक्के. स्वीडनच्या गोथेनबर्गने २०१३ मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीच पैसा उभा करणारे कर्जरोखे, काढले, जोहान्सबर्गने २०१४ मध्ये. बहुतेक शहरांना हा दरवाजा बंदच आहे.

मताविना परिषदेत

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींत निर्णय देश घेतात, शहरांना मत नाही. तरी १९९० मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात दोनशेहून अधिक स्थानिक सरकारं जमली आणि इक्लीची स्थापना झाली. १९९५ च्या बर्लिन परिषदेपासून स्थानिक सरकारांचा गट निरीक्षक म्हणून बसतो. २०१० मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनच्या परिषदेत त्यांना ‘सरकारी घटक’ असं वेगळं म्हटलं गेलं. तोवर त्यांची ओळख स्वयंसेवी संस्थांच्या रांगेतलीच होती, जे एखाद्या महापौराला लागण्यासारखंच आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत सरकारच्या सर्व स्तरांचं महत्त्व नोंदवलं गेलं. २०२३ मध्ये दुबईत सत्तरहून अधिक देशांनी असं वचन दिलं की दर पाच वर्षांनी ते जी हवामान योजना सादर करतात ती करताना खालच्या सरकारांना विचारात घेऊ. वचन पाळलं नाही तर शिक्षा काही नाही. पण पुढच्या वेळी देशाचा मंत्री आराखडा लिहायला बसेल तेव्हा ‘आम्हाला कुठे विचारलं?’ असं म्हणायला महापौरांच्या हातात कागद असेल.

देशाने पाय मागे घेतला की शहरांचा आवाज जास्त ऐकू येतो. १६ फेब्रुवारी २००५ ला श्रीमंत देशांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा क्योटो करार अमेरिकेविना लागू झाला. १४१ देशांनी त्याला मान्यता दिली होती. त्याच दिवशी सिअॅटलचे महापौर ग्रेग निकल्स यांनी जाहीर केलं की आपण निदान १४१ अमेरिकी महापौर गोळा करून कराराचं लक्ष्य गाठायचा प्रयत्न करू. पुढे हजारावर महापौरांनी सह्या केल्या. २०१७ मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा करताना डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की मला पिट्सबर्गच्या नागरिकांचं प्रतिनिधित्व करायला निवडलंय, पॅरिसच्या नव्हे. पिट्सबर्गचे महापौर बिल पेदुटो यांनी लगेच उत्तर दिलं की आमचं शहर पॅरिस कराराच्याच बाजूने आहे. सह्यांनी कार्बन कमी होत नाही, आणि सह्या करणाऱ्या अनेक शहरांना आपलं लक्ष्य गाठता आलेलं नाही हेही खरं. पण वाटाघाटीतल्या इतर देशांना एवढं कळलं की अमेरिका पूर्ण उठून गेलेली नाही.

जिथे हात आखडतो

कोपनहेगनने २०१२ मध्ये जाहीर केलं की २०२५ पर्यंत जगातली पहिली कार्बन-तटस्थ, म्हणजे जेवढा कार्बन सोडते तेवढा भरून काढणारी, राजधानी होऊ. सायकली, समुद्रातल्या पवनचक्क्या, घरं तापवणाऱ्या सामायिक वाहिन्या, सगळं जमत गेलं. अडलं ते कचरा जाळून वीज आणि उष्णता करणाऱ्या आमागरच्या प्रकल्पावर. त्याच्या धुरातला कार्बन पकडायचा तर सरकारी निधी हवा होता, आणि तो मिळणार नाही असं दिसलं. २०२२ मध्ये शहराने सांगून टाकलं की २०२५ काही जमत नाही. या कबुलीबद्दल मला कोपनहेगनचं कौतुक जास्त वाटतं. आकडे फिरवून तटस्थ होणं काही फार अवघड नसतं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराला पैसा नव्हे, तर कायदा आडवा आला. जुलै २०१९ मध्ये तिथल्या परिषदेने ठरवलं की नव्या इमारतींत गॅसची जोडणी द्यायची नाही. अमेरिकेतला हा पहिलाच असा नियम. डझनावारी शहरांनी तो उचलला. रेस्टॉरंट मालकांची संघटना न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम करण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने देशाच्या सरकारकडे आहे, शहराला त्यात हात घालता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये बर्कलीने नियम मागे घ्यायचं कबूल केलं.

तोवर न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत केली होती. त्यात गॅसवर बंदी असा उल्लेखच नाही. जळताना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कार्बन सोडणारं इंधन नव्या इमारतीत नको, एवढंच. २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नव्या इमारतींसाठी राज्यभराचा कायदा केला. दोन्हींना न्यायालयात आव्हान मिळालं. आणि ज्या कॅलिफोर्नियात हा डाव हरला तिथल्या काही शहरांनी जुना उपविधी काढून इमारतीच्या एकूण ऊर्जावापरावर मर्यादा घालणारा नवा मसुदा लिहायला घेतला, न्यायालयाचा निकाल शेजारी उघडा ठेवून.